"दोन मीटर लांब उभं ऱ्हावा!" : गालापागोसबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात गालापागोसच्या नॉर्थ सीमोर बेटावरच्या एका दिवसाबद्दल थोडंसं काय लिहिलं, तेव्हापासून माझ्या फोनची बॅटरी दुपारपर्यंत पुरेना झालीय. ज्यांनी ते वाचलं नाही त्यांच्यासाठी एवढंच, की ही बेटं इक्वेडोर देशाची, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून हजारेक किलोमीटर आत पॅसिफिकमधे, सगळी ज्वालामुखीची. आम्ही नवराबायको रिटायर झाल्यावर साठवलेले पैसे मोडून गेलो, आठवडाभर राहिलो आणि त्यातला एक दिवस गाईडबरोबर नुसते पक्षी-प्राणी बघण्यात घालवला. आता प्रश्न घेते. सगळ्यांचे घेता आले नाहीत, रागावू नका.

मावशी, "दिवस कसा गेला कळलं नाही" असं लिहून मोकळ्या झालात, आम्हाला कळू द्या की! सकाळपासून संध्याकाळपर्यंत नेमकं काय होतं? (राजारामपुरीतून एक वाचक)

चुकलंच माझं. तर आम्ही राहिलो होतो सांता क्रूझ बेटावर, प्वेर्तो आयोरा नावाच्या गावात. सकाळी बस येते आणि बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, चाळीसेक किलोमीटर, आडवं पार घेऊन जाते. आम्ही सप्टेंबरात गेलेलो, तेव्हा वर डोंगरात इतकं धुकं की काचेवर वायपर चालू, सगळं हिरवंगार, केळी बिळी, आणि डोंगर उतरून पलीकडं गेलो तर दहा मिनिटांत चित्रच पालटलं, कडक ऊन, पांढरट वाळकी झाडं, पाऊस जणू कधी बघितलाच नाही. गगनबावड्यात धो धो आणि हातकणंगल्याला ऊन, तसलाच प्रकार, फक्त एवढ्याशा बेटात. ती वाळकी झाडं म्हणजे पालो सांतो. गाईडनं खाली पडलेली काडी दाखवली, नुसतं वाकून वास घेतला तर थेट देवघरातला धूप! मागाहून कळलं की हे झाड आपल्या सालई-गुग्गुळाच्याच कुळातलं. काडी अर्थातच तिथंच ठेवायची, खिशात नाही.

तिथनं बोट. वाटेत डाफ्ने मेजर नावाचं एक टेकाड दिसतं समुद्रात, उतरायला बंदी आहे, पण तिथंच पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जोडप्यानं 1973 पासून वर्षानुवर्षं जाऊन फिंच नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्यांच्या चोची मोजल्या आणि दुष्काळाच्या एकाच वर्षात चोचींचा आकार पुढच्या पिढीत कसा बदलतो ते दाखवून दिलं. आमचे हे म्हणाले, नवराबायकोनं मिळून इतकी वर्षं एकच काम केलं आणि संसार टिकला, हाच मोठा शोध. असो.

नॉर्थ सीमोरला मोठी बोट लांब थांबते आणि छोट्या रबरी होडीतनं, तिला पांगा म्हणतात, खडकावर उतरायचं. आणि उतरायच्या बरोब्बर पायरीवर एक सी लायन, म्हणजे सीलच्या जातीचा समुद्रातला प्राणी, आडवी झोपलेली. आता आपल्याकडं रंकाळ्याच्या रस्त्यात म्हैस बसली तर हॉर्न मारतोय, शेपटी धरतोय, काहीतरी करतोय. इथं होडीवाल्यानं इंजिन बंद केलं आणि सगळे गप. दहा मिनिटं आम्ही बारा जणं त्या बाईच्या झोपेची वाट बघत लाटांवर हलत बसलो. तिनं एकदा डोळा उघडला, आमच्याकडं बघितलं, कूस बदलली, परत झोपली. मग केव्हातरी स्वतःच्या मर्जीनं पाण्यात घसरली आणि आम्ही उतरलो.

वर साधारण दोन किलोमीटरची वाट, पण दोन तास लागतात कारण पावलापावलाला कोणीतरी बसलेलं असतं. निळ्या पायांचे बूबी नावाचे समुद्रपक्षी, पाय म्हणजे अक्षरशः स्वयंपाकघरातल्या प्लॅस्टिकच्या निळ्या डब्यासारखे, कुणी ऑइलपेंट लावल्यागत. तो निळा रंग ताज्या माशांतनं येतो, दोन दिवस उपास घडला की पाय फिकुटतात, त्यामुळं मादी पाय बघूनच ठरवते की हा गडी कमावता आहे का नाही. नर एक पाय उचलणार, मग दुसरा, मग मान आभाळाकडं करून शिट्टी मारणार, मादी त्याला हॉर्नसारखं भसाड्या आवाजात उत्तर देणार. आमच्यापासून हे चार पावलांवर चाललेलं आणि त्यांना आमचं काही नाही, जणू आपण तिथं नाहीच. घरटं म्हणाल तर काड्या नाहीत, काही नाही, जमिनीवर अंडं घालायचं आणि गोल फिरत सभोवती शिटायचं, झाली पांढरी रांगोळी, तेच घर. एक पिल्लू बरोब्बर त्या गोलाच्या कडेवर बसलेलं, अंगभर कापूस पिंजल्यासारखा, आणि गाईड म्हणाली ते गोलाबाहेर गेलं तर आईबाप त्याला ओळख देत नाहीत. मी उगाच पंधरा मिनिटं त्याच्यावर नजर ठेवून उभी. बाहेर नाही गेलं बाई.

झुडपांवर फ्रिगेट पक्ष्यांचे नर, गळ्याखालची लाल पिशवी फुग्यासारखी फुगवून बसलेले, आभाळातनं मादी गेली की सगळे एकदम पंख पसरून थरथरतात. हा एवढा मोठा समुद्रपक्षी पण पिसं पाण्यात भिजतात म्हणून पोहता येत नाही, मग दुसऱ्यांचे मासे हवेतल्या हवेत पळवतो, बूबीची शेपटी धरून झटकतो बिचाऱ्याला. आणि निवडुंगाखाली पिवळसर इग्वाना, म्हणजे आपली घोरपडच समजा पण जाडजूड आणि आळशी, वरनं निवडुंगाचं पान कधी पडतंय म्हणून आ वासून बसलेली. फड्या निवडुंग आपल्याकडं बांधावर असायचा तसलाच, पण तिथं काही बेटांवर त्याची झाडंच्या झाडं होतात.

दुपारी बोटीवर जेवण (भात, मासा, तिखट शून्य), मग लास बाचास नावाच्या पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर. पोहायचं, मागच्या मिठाच्या तळ्यात नशीब असलं तर फ्लेमिंगो. दुसऱ्या महायुद्धात शेजारच्या बाल्ट्रा बेटावर अमेरिकन सैन्याचा तळ होता, त्यांच्या दोन बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू होड्या, इथं फुटल्या, बार्जचं स्थानिकांच्या तोंडी बाचा झालं म्हणतात. गंजलेलं लोखंड अजून वाळूतनं डोकावतंय. सहाला अंधार, विषुववृत्त ना ते, बारा महिने सहाच्या सुमाराला उजाडणार, सहाच्या सुमाराला मावळणार.

गाईड कंपलसरी का? आम्ही दाजीपूरला कितीदा जातोय, वाट माहिती आहे, गाईडला पैसे द्यायचे म्हणजे नुसती पद्धत. (शिवाजी पेठ)

भावा, दाजीपूरला तू गवा शोधायला जातोस. तासन्तास झाडीत डोळे फोडायचे आणि लांब कुठंतरी काळं हललं की "त्यो बघ त्यो बघ" म्हणेपर्यंत गायब. तिथला गाईड जनावर दाखवतो. गालापागोसला जनावर दाखवायची गरजच नाही, ते तुमच्या बुटावर बसलेलं असतं. तिथला गाईड जनावरांना सांभाळत नाही, माणसांना सांभाळतो. आमची गाईड दिवसभरात पक्ष्यांची नावं जेवढी बोलली नसेल तेवढं एकच वाक्य बोलली, दोन मीटर, दोन मीटर प्लीज. शेवटी शेवटी आमचे हे तिच्या आधी ओरडायचे, "दोन मीटर लांब उभं ऱ्हावा!", मराठीत. सगळ्यांना कळायचं.

याला कारण आहे. त्या बेटांवर माणूस पोचायच्या आधी जमिनीवर मोठा शिकारी प्राणीच नव्हता. वाघ नाही, बिबट्या नाही, कोल्हासुद्धा नाही. स्वतःहून पोचलेले सस्तन प्राणी म्हणजे वटवाघळं आणि उंदीर, बाकी सी लायन किनाऱ्यावर. त्यामुळं जमिनीवरनं चालत येणाऱ्याला भ्यायचं असतं हे त्या पक्ष्यांना माहितीच नाही. पूर्वी खलाशांनी याचा फायदा घेतला, कासवं उचलून जहाजाच्या तळात उलटी टाकायची, ती महिनोन्महिने बिनपाण्याची जगतात म्हणून ताजं मटण. पळणाऱ्या जनावराला निदान स्वतःचा बचाव करता येतो, न पळणाऱ्याचा बचाव आपण लांब थांबण्यातच आहे. म्हणून नियम असा की नॅशनल पार्कचा परवाना असलेला गाईड पाहिजेच, एका गाईडमागं जास्तीत जास्त सोळा माणसं, आखलेली वाट सोडायची नाही. कुठली बोट कुठल्या दिवशी कुठल्या बेटावर जायची हेसुद्धा पार्क ठरवतं. जमिनीचा 97 टक्के भाग पार्कमधे आहे, 1959 पासून. (आपलं राधानगरी अभयारण्य 1958 चं, एक वर्ष आधीचं, हे मी तिथं सगळ्यांना सांगून आले.)

गाईडशिवाय फिरायचं असेल तर गाव आहे की. प्वेर्तो आयोराच्या मासळी बाजारात जाऊन नुसतं उभं ऱ्हा. एकच ओटा, त्यावर बायका मासे कापतायत, ओट्याच्या या बाजूला गिऱ्हाईक आणि त्या बाजूला पेलिकन रांगेत, आणि एक सी लायन थेट बाईच्या मांडीशी नाक लावून, घरातलं मांजर असावं तसं. तिनं कोपरानं ढकललं तर परत आली. फुकट आहे हे सगळं.

चिवडा, भडंग, लोणचं, गूळ, यातलं काय नेता येईल? ह्यांना बाहेरचं चालत नाही. (कसबा बावडा)

ताई, बेटांच्या विमानात बसायच्या आधीच, इक्वेडोरच्या कीटो नाहीतर ग्वायाकिल शहरात, बॅगा तपासतात आणि खास बघतात ते बिया, ताजी फळं, भाज्या, माती, किडे. आंबा, पेरू, कढीपत्त्याची डहाळी, मोड आलेली मटकी असलं काही मनातसुद्धा आणू नका. कारखान्यातनं बंद होऊन आलेलं पाकीट बहुतेक चालतं, पण फॉर्ममधे लिहून द्यायचं आणि विचारलं की दाखवायचं. मी घरचा चिवडा प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून नेला होता. तपासणाऱ्या पोरीनं पिशवी उजेडात धरली, शेंगदाणे बघितले, डाळं बघितलं, मोहरी बघितली, आणि माझ्याकडं बघून नकारार्थी मान हलवली. बरोबरच आहे तिचं, फोडणीतली मोहरी उगवत नाही हे मी स्पॅनिशमधे कसं सांगणार. आणि पार्कच्या बेटांवर उतरताना तर खायचं काहीच न्यायचं नाही, फक्त पाणी.

यावरनंच आठवलं, तिथं लाखभर शेळ्या गोळ्या घालून मारल्या म्हणे. प्राणी वाचवायला प्राणी मारायचे, हा कुठला न्याय? (कागल)

खरं आहे ते. मलाही ऐकून कसंतरी झालं होतं, आमच्या माहेरी शेळ्या होत्या.

पण झालं काय ते बघा. 1959 साली मच्छीमारांनी पिंटा नावाच्या बेटावर तीन शेळ्या सोडल्या, पुढं कधी आलो तर मटण मिळावं म्हणून. तीनच. दहा-पंधरा वर्षांत हजारोंनी झाल्या आणि बेट बोडकं केलं. कासवाची मान पोचते तिथपर्यंतचं सगळं शेळीनं आधीच खाल्लेलं. खलाशांनी आधीच कासवं नेऊन संपवत आणलेली, वर हे. 1971 ला पिंटावर एक नर कासव सापडला, एकटाच, त्याच्या जातीचा शेवटचा. लोनसम जॉर्ज. त्याला चाळीस वर्षं सांभाळलं, जोडीदारीण शोधली, काही जमलं नाही, 24 जून 2012 ला गेला. आता प्वेर्तो आयोरात डार्विन स्टेशन या संशोधन केंद्रावर एका गार, अंधाऱ्या खोलीत काचेत ठेवलाय, मान लांब करून. मी आत गेले तेव्हा खोलीत दहा-बारा माणसं होती आणि कुणी मोबाईलवर बोलत नव्हतं.

दुसऱ्या बेटांवरही शेळ्यांनी हेच केलेलं. मग 1997 ते 2006 दरम्यान उत्तर इसाबेला आणि सँटियागो बेटांवरच्या शेळ्या काढल्या, हेलिकॉप्टरमधनं. शेवटच्या शेळ्या लपून बसायच्या म्हणून काही माद्यांच्या गळ्यात रेडिओ पट्टा घालून सोडलं, शेळी एकटी ऱ्हात नाही, ती कळप शोधत जायची आणि मागनं माणसं. फितूर शेळ्याच म्हणायच्या. वाईट वाटतं. पण बेटांवर शेळ्या सोडणाऱ्यांनी विचार केला असता तर लाखभर मारायची वेळ आली नसती, माझा राग त्यांच्यावर जास्त आहे. आणि ताईंच्या कढीपत्त्यावर एवढी तपासणी का, तेही यातच आलं.

एका ट्रॅव्हलवाल्यानं सांगितलं, एका दिवसात मोठी कासवं, पेंग्विन, अल्बाट्रॉस, सगळं दाखवतो. ॲडव्हान्स मागतोय. देऊ का? (इचलकरंजी)

देऊ नका!

म्हणजे तो माणूस लबाड आहे असं म्हणत नाही, नकाशा बघितला नसेल. कासवं सांता क्रूझच्या डोंगरातल्या शेतांत, दोनशे किलोच्या वरची धुडं, चिखलात बसलेली. पेंग्विन मुख्यतः पश्चिमेला, फर्नांडिना आणि इसाबेलाच्या बाजूला, थोडे बार्तोलोमेला. तिकडं समुद्राच्या खालनं गार पाण्याचा प्रवाह वर येतो म्हणून विषुववृत्तावर पेंग्विन जगू शकतो. अल्बाट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी एस्पान्योला बेटावर, पार आग्नेयेला, आणि तोही साधारण एप्रिल ते डिसेंबरच. तो नाचरा बूबी एकीकडं, न उडणारा पाणकावळा दुसरीकडं. एका दिवसात एक बेट, फार तर एक बेट आणि एक किनारा, हे डोक्यात ठेवून जा. आमच्याबरोबर एक जण होता, त्याच्या हातात यादी, बघितलं की टिक. दुपारपर्यंत त्याचं तोंड पडलं होतं कारण तीनच टिका झालेल्या. फ्रिगेट डोक्यावरनं गेला तेव्हा तो यादीत बघत होता.

मी नववीत आहे. सरांनी सांगितलं की आपला दगड पण ज्वालामुखीचा आहे. मग आपल्याकडं असली बेटं आणि प्राणी का नाहीत? (गडहिंग्लज)

बाळा, सरांना माझा नमस्कार सांग. अंबाबाईच्या देवळाचा काळा दगड, नवीन राजवाड्याचा दगड, पन्हाळ्याचा कडा, सगळा लाव्हाच. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतनं थरावर थर वाहून दख्खनचं पठार झालं. तेव्हा आपली जमीन एका हॉटस्पॉटवर होती, म्हणजे खोलातनं सतत उष्णता वर येणारी जागा. मग जमीन सरकत सरकत उत्तरेला आली आणि तो हॉटस्पॉट तिकडं मागंच राहिला, आज तो हिंदी महासागरात रीयुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून उसळतोय. म्हणजे चूल एक जागेवर आणि वरनं तवा सरकतोय असं समज.

गालापागोसलाही हेच. तवा तिकडं पूर्वेला, दक्षिण अमेरिकेकडं सरकतोय, वर्षाला काही सेंटिमीटर. म्हणून पूर्वेची बेटं म्हातारी, तीस-चाळीस लाख वर्षांची, झिजलेली, आणि पश्चिमेचं फर्नांडिना तरणंताठं, मार्च 2024 मधेसुद्धा तिथं लाव्हा आला. आपला लाव्हा मात्र खंडावर वाहिला, आजूबाजूला जमीनच जमीन, प्राणी इकडनं तिकडं चालत जाऊ शकत होते. तिथं प्रत्येक बेट समुद्रानं तोडलेलं. जो पोचला, वाहत, उडत, ओंडक्यावर बसून, तो तिथंच अडकला आणि तिथल्यासारखा झाला. जमिनीवरची घोरपडीसारखी इग्वाना एका शाखेत समुद्रात शिरून शेवाळ खायला लागली, जगात समुद्रात चरणारा हा एकच सरडा. जास्तीचं मीठ ती नाकातनं फुर्रकन शिंकून टाकते. धक्क्यावर एकदम दहा-पंधरा पसरलेल्या असतात उन्हात, काळ्या, एकमेकींच्या अंगावर पाय टाकून, आणि मधनंच एक जण शिंकते. मिठानं डोकी पांढरी झालेली, खडूनं भरलेला फळा पुसल्यावर मास्तरांचं होतं तसं.

बोट लागते मला. जमेल का? (मंगळवार पेठ)

सीमोरची बोट फार त्रास देत नाही. सांता क्रूझ ते इसाबेला स्पीडबोट मात्र दोन तास आपटते, तिला बसायच्या आधी डॉक्टरांना विचारून गोळी घ्या, पोट रिकामं ठेवू नका, मागं बसा. जून ते डिसेंबर पाणी गार आणि समुद्र जास्त हलतो, जानेवारी ते मे पाणी कोमट, पण अधनंमधनं पाऊस.

खर्चाचं खरं सांगा. (तिघांनी विचारलं, दोघांनी नाव घालू नका म्हटलंय)

खरं सांगायचं तर सगळ्यात मोठा खर्च तिथंवर पोचायचा. मुंबईहून युरोपात, तिथनं कीटो नाहीतर ग्वायाकिल, मग बाल्ट्राचा विमानतळ. अमेरिकेतनं गेलात तर तिथला ट्रान्झिट व्हिसाही लागतो, ते आधी बघा. पार्कची फी परदेशी माणसाला 1 ऑगस्ट 2024 पासून 100 ची 200 डॉलर झाली, म्हणजे डोक्यामागं सतरा-अठरा हजार रुपये नुसतं पाऊल टाकायला, लहान पोरांना निम्मी. वर बेटांवर जायचं 20 डॉलरचं ट्रान्झिट कार्ड. डॉलर रोख न्या, देशाचं चलनच डॉलर आहे. मला ती फी महाग वाटली आणि रास्तही वाटली, दोन्ही. गर्दी वाढली तर दोन मीटर कुठनं आणायचे?

ज्यांना एवढं जमणार नाही त्यांना सांगते, ज्वालामुखीच बघायचा असेल तर आपला अंदमानचा बॅरन आयलंड आहे, भारतातला एकमेव जागता. उतरू देत नाहीत, बोटीतनंच बघायचा. आणि दाजीपूर आहेच. यावेळी गेलात तर गव्याच्या मागं गाडी पळवू नका. थांबा, इंजिन बंद करा.

शेवटचा आणि महत्त्वाचा प्रश्न : कोल्हापुरी चप्पल चालेल का? (गंगावेस)

वाटेवर नाही. लाव्हाचे दगड धारदार, बूट पाहिजेत, आणि बोटीवर परत चढताना पाय धुवायला लावतात, एका बेटाची वाळू नि बी दुसऱ्या बेटावर जाऊ नये म्हणून. पण आमच्या ह्यांनी ऐकलं नाही, पिशवीत जोड नेलाच, आणि लास बाचासच्या वाळूवर काढून ठेवून पाण्यात गेले. बाहेर येतात तर सी लायनचं एक पिल्लू चपलेपाशी. हुंगलं, नाकानं उलटी केली, अंगठा तोंडात धरला. हे पळत निघाले आणि चार पावलांवर गाईडनं हात आडवा केला. दोन मीटर. दिवसभर दुसऱ्यांवर ओरडलेला माणूस, आता बोलायची सोय नाही. वीस मिनिटं हे टॉवेल गुंडाळून उभे, पिल्लू चपलेवर हनुवटी टेकून पडलेलं, आणि सगळा ग्रुप फोटो काढतोय, पिल्लाचे नाही, ह्यांचे. मग लांबनं आई भुंकली तसं ते उठून गेलं. चप्पल मिठानं कडक झालीय, करकर वाजत नाही आता, पण टाकू देत नाहीत.